लागेल कधीतरी

आमच्या घरातून घंटागाडीत फार थोडं जातं. भाज्यांची देठं, चहाचा चोथा (तोही आधी गुलाबाच्या कुंडीत मुक्काम करून) आणि सोसायटीच्या नोटिसा. बाकी जे काही आहे ते 'सामान'. सामान आणि कचरा यांतला फरक मला लग्नानंतर आठव्या दिवशी कळला. आहेराचं एक खोकं उघडताना मी वरचा चमचमता कागद टरकन फाडला आणि स्वयंपाकघरातून सासूबाई "अगं अगं अगं" करत पिठाच्या हातांनी धावत आल्या. मला वाटलं, खोक्यातून साप निघाला. "कागद असा फाडतात होय? चिकटपट्टीला वाफ दाखवायची. अलगद सुटते." खोक्यात काय होतं ते आता कुणालाच आठवत नाही. कागद मात्र आहे. दिवाणाखालच्या ट्रंकेत, इस्त्री करून, चौघडी घालून ठेवलेला.

कुणाच्या घरात 'अतिथी देवो भव' लिहिलेलं असतं. आमच्या घरात लिहिलेलं काही नाही, पण दिवसातून चारदा ऐकू येतं: "असू दे. लागेल कधीतरी."

1986 साली हे कुटुंब गिरगावातल्या दोन खोल्या सोडून बदलापूरला आलं. नातेवाइकांना सांगितलेलं कारण 'मुलांना मोकळी हवा'. सासरे मात्र शेवटपर्यंत म्हणत, "हवा कसली! हिच्या रिळांना जागा हवी होती." टेंपोत आधी ट्रंक चढली, मग मुलं. पूर्वी इथे वाटेत घोडे बदलायचे म्हणून गावाला बदलापूर नाव पडलं, असं जुनी माणसं सांगतात. घोडे बदलले, गाड्या बदलल्या, ट्रंक तीच राहिली. पुढे तिला माळ्यावर दोन शाखा निघाल्या आणि गॅलरीत एक विस्तारित कक्ष.

या ट्रंकेत काय नाही? तीन नणंदांच्या रुखवतातून उरलेले मोती, कुंदन आणि लोकरीचे बदक (दोन पूर्ण, एक मानेपर्यंत). साड्यांच्या फॉलच्या पट्ट्या. बांगड्यांच्या काचा. मोडलेल्या मंगळसूत्रातले काळे मणी, औषधाच्या बाटलीत. मुलाच्या शाळेच्या प्रकल्पांतून उरलेल्या कार्डशीटच्या पट्ट्या, ज्यांतल्या कुठल्याही पट्टीवर कशाचंच चित्र मावणार नाही. वापरलेल्या टिकल्या, आरशावरून काढून पुन्हा पाकिटावर लावलेल्या. आणि थर्माकोलचं मखर. सरकारने 23 मार्च 2018 रोजी प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा आमचं मखर माळ्यावर गेलं, ते भूमिगत क्रांतिकारकासारखं अजून तिथेच आहे. सोसायटीत कुणी गणवेशातलं आलं की, मग तो गॅसवाला का असेना, सासूबाई नकळत माळ्याकडे बघतात.

पण ट्रंकेतली खरी ठेव म्हणजे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा. त्यात गणपती आहेत.

मराठी घरात लग्नपत्रिका येते तेव्हा तिच्यासोबत एक धर्मसंकट येतं. लग्न होऊन जातं, जेवण जिरतं, पत्रिका राहते, आणि तिच्या डोक्यावर गणपती असतो. पत्रिका टाकावी तर गणपती टाकला जातो. काही जण विसर्जनाला नेतात, काही जण नाइलाजाने ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि ड्रॉवर उघडणं सोडून देतात. सासूबाईंनी यावर कायमचा तोडगा काढला आहे. त्या गणपती कातरून घेतात आणि उरलेला वर-वधू-स्थळ-मुहूर्त हा भाग रद्दीत देतात. "नवराबायकोचं काय ते ती बघतील. देव कशाला रद्दीत?" चाळीस वर्षांत डब्यात तीनशे बारा गणपती जमले आहेत. त्यांची वर्गवारी आहे. जुन्या काळचे जाड, सोनेरी उठावाचे. मग पिंपळपानावरचे. मग ते दिवस आले जेव्हा चित्रकारांना एका रेषेतच गणपती काढायची घाई झाली होती, ते. अलीकडे एक डोळे मिटून ध्यान करणारा आणि एक ढोल वाजवणारा आला आहे. उजव्या सोंडेचे सात आहेत, ते वेगळ्या पाकिटात. ते कडक सोवळ्याचे. कुठेही, कुणाच्याही हाती द्यायचे नाहीत.

एवढा संभार असलेल्या बाईंना गेल्या दिवाळीत फोनवर शुभेच्छा आल्या. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सदतीस जणांनी एकच पणती पाठवली. तीच पणती, तेच तिरकं ऊन, तळाशी त्याच हलणाऱ्या ठिणग्या. सासूबाईंनी चष्मा लावून ती सदतीस वेळा पाहिली आणि विचारलं, "ही पणती लावली कुणी?" कुणालाच सांगता येईना. "म्हणजे कुणीच नाही. सगळ्यांनी शेजाऱ्याची उचलून पुढे ढकलली." त्या रात्री त्यांनी जाहीर केलं की पुढच्या दिवाळीला आपण हाताने शुभेच्छापत्रं करायची. पंचवीस. आणि कडक अट: "एक पैसा खर्च करायचा नाही. सगळं घरात आहे."

हे वाक्य ज्यांनी ज्यांनी उच्चारलं आहे त्यांना पुढे काय होतं ते ठाऊक आहे. तरी सांगते.

यंदाचा दसरा झाला आणि आम्ही बसलो. मी, सासूबाई आणि चौथीतला मुलगा. नवरा हिशेबाला. मला वाटलं होतं, हे काम मला जमेल. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मी घोटीव कागदाची कंदिलाची कार्डं केली होती, अर्ध्या भेंडीचे ठसे मारून फुलं उमटवली होती. बाईंनी वहीत 'छान' लिहिलं होतं. तेव्हा गव्हाच्या पिठाची खळ असायची. आता डिंकाची बाटली उघडली तर आत मलई बर्फीचा एक तुकडा निघाला, कापून वाटता येईल असा. म्हणजे डिंक आला: पंच्याण्णव रुपये. घरातल्या तिन्ही कात्र्यांपैकी एक ब्लाउजची (तिला कागद लावला तर घरात रक्तपात होतो), एक दुधाच्या पिशवीची आणि एकीला एकच पातं. म्हणजे नागमोडी कात्री आली: एकशे चाळीस. कार्डशीटच्या पट्ट्यांवर कार्ड मावत नव्हतं हे वर सांगितलंच: एकशे वीस. पाकिटं घरात होती, पण सगळ्यांवर आहेराचं एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं: शंभर. कुंदन होते, पण तीन नणंदांचे तीन रंगांचे, आणि नणंदा जशा एकत्र नांदल्या नाहीत तसे तेही नांदेनात: ऐंशी. राहिली लेस. लेस सासूबाईंच्या मते फक्त उल्हासनगरला मिळते.

उल्हासनगरबद्दल त्यांना आदर आहे. दुकानाच्या पाटीपासून पँटच्या खिशापर्यंत काहीही करून मिळेल असं गाव, आणि वर 'मेड इन यूएसए' हा जुना विनोद, ज्यात यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. आम्ही रविवारी दोन स्टेशनं मागे गेलो. गजानन मार्केटच्या आसपास दुकानांच्या रांगा आणि त्यांत माणसांपेक्षा ताग्यांची गर्दी. मी एका दुकानात शिरून पाऊण मीटर सोनेरी लेस मागितली. गल्ल्यावरचे काका सत्तरीचे. त्यांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "भाभी, पाऊण मीटरसाठी कात्री उचलायची म्हणजे कात्रीचा अपमान. इथे गुंडी घेतात." नऊ मीटरची गुंडी, नव्वद रुपये. एक रंग घेऊन कसं चालेल, म्हणून तीन.

मग सासूबाई पुढे सरकल्या आणि विचारलं, "कटपीस आहे का?"

काकांचा चेहरा बदलला. त्यांनी गल्ल्याखालून एक गोणपाटाची पिशवी ओढून काढली. आत लेसचे वीत-वीत तुकडे, ब्रोकेडच्या त्रिकोणी चिंध्या, सुटी बटणं, जरीच्या गाठी. "ही विकायची नाही," ते म्हणाले, "पण टाकवतही नाही. आमची अम्मा म्हणायची, रख दे, कभी न कभी काम आयेगा."

सासूबाई तिथल्या स्टुलावर बसल्या. पुढचा पाऊण तास मला आणि माझ्या मुलाला त्या दुकानात काही स्थान नव्हतं. काकांच्या अम्माने फाळणीनंतर सिंध सोडलं तेव्हा सोबत एक रल्ली होती, चिंध्यांचे चौकोन जोडून शिवलेली. सासूबाई म्हणाल्या, म्हणजे आमची गोधडी. काका म्हणाले, गोधडीच, पण रंग भडक. अम्मा इथे आली तेव्हा युद्धातली लष्करी छावणी रिकामी होऊन पडली होती. दोन हजारांवर बराकी, त्यांतच लाखभर निर्वासितांचे संसार लागले. 8 ऑगस्ट 1949 रोजी राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि 'कल्याण कॅम्प'चं उल्हास नदीवरून उल्हासनगर झालं. तरी पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर दोन', 'कॅम्प नंबर पाच'च म्हणतात. काकांच्या दुकानाची मागची भिंत बराकीची आहे. "सरकारला पाडायची होती," ते म्हणाले, "अम्माने सांगितलं, असू दे."

सासूबाईंनी मान डोलावली. त्यांना फाळणीचा इतिहास त्या दिवशी प्रथमच नीट समजला असावा, असं मला वाटतं. निघताना काकांनी त्यांना पिशवीतले दोन मुठी तुकडे फुकट दिले. म्हणजे उरलेलं संपवायला निघालेल्या आम्ही दुसऱ्या घरचं उरलेलंही घेऊन आलो. वाटेत दालपकवान खाल्लं: एकशे वीस. रिक्षा: ऐंशी. रात्री नवऱ्याने बेरीज केली. एक हजार पाच रुपये. भागिले पंचवीस, दर कार्डी चाळीस रुपये वीस पैसे. "स्टेशनबाहेर छापील पंचवीसला मिळतं," तो म्हणाला. "त्याला हात लागलेले असतात का?" सासूबाई म्हणाल्या. नवऱ्याने वही मिटली. मिटण्याआधी घरातल्या शिल्लक मालाची वापरलेली किंमत मात्र त्याने लिहून ठेवली: अंदाजे पस्तीस रुपये.

अंबरनाथचाही वाटा आहे यात. धाकट्या नणंदबाई तिथे असतात. आईच्या ट्रंकेवर वाढलेली ही मुलगी अगदी उलट निघाली. तिच्या घरात दिवाणखान्यात एक सोफा आणि एक झाड, बस्स. पण तिचे सासरे विम्कोत होते. विम्को म्हणजे आगपेट्यांचा कारखाना, ज्याच्या नावाचा नाका अजून आहे, कारखाना बंद झाला तरी. सासऱ्यांनी नोकरीभर रिकाम्या पेट्या आणि लेबलं जमवली होती. नणंदबाईंना ती 'मोकळी' करायची होती. आईला मोकळी करून देणं आणि आईच्या घरी नेऊन टाकणं यांत तिला फरक वाटत नाही. आम्ही साठ पेट्या उचलून आणल्या. आणायला गेलो तेव्हा शिवमंदिरातही जाऊन आलो. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखातल्या शके 982 म्हणजे इसवी सन 1060चं. बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा कोरल्याशिवाय सोडलेली नाही. लोक हात जोडून थक्क उभे राहतात. सासूबाईही थक्क उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, "एवढं कोरलं, तर एवढी ढलपी निघाली असेल. ती कुठे ठेवली असेल गं?"

पेट्या आल्या आणि कार्डांचा आराखडाच बदलला. आता कार्डावर आगपेटी चिकटवायची, ओढली की आतून गणपती बाहेर. कल्पना मुलाची. मला वाटलं सासूबाई म्हणतील, देवाला काडेपेटीत कोंडता? पण त्या म्हणाल्या, "गाभारा आहे तो." ब्रोकेडच्या चिंध्यांचा पडदा लागला, बांगडीच्या काचेची कमान झाली. गणपतीच्या छापील पीतांबरावर त्यांनी खरी जर लावायला घेतली तेव्हा मी म्हटलं, छापलेलं आहेच की सोनेरी. त्यावर आजेसासूबाईंची गोष्ट आली. राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला. मळवली म्हणजे आमच्याच लोहमार्गाने घाट चढलं की लोणावळ्यापुढे. त्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या आणि बायकांनी त्या तशाच भिंतीवर टांगल्या नाहीत. चित्रातल्या साडीवर खरं कापड, काठांना जर, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी लावून मगच चौकट केली. अशी सजवलेली चित्रं आजही जुन्या घरांत आणि संग्रहांत दिसतात. "माझ्या सासूबाई म्हणायच्या," सासूबाई म्हणाल्या, "देवीला कागदाचं लुगडं नेसवून कसं चालेल?" रविवर्म्याला हे कळलं असेल का, आणि कळल्यावर त्याने काय केलं असेल, याची मला फार उत्सुकता आहे. रात्र रात्र जागून छाया-प्रकाश साधायचा आणि गिरगावातल्या कुणी बाईंनी त्यावर साडेतीन आण्यांची जर ठोकायची.

फोनवरच्या त्या पुढे ढकललेल्या पणतीच्या मुळाशी मला आळस दिसतो. नाताळच्या छापील शुभेच्छापत्राचा जनकही आळसातूनच जनक झाला. लंडनच्या हेन्री कोलला 1843 सालच्या नाताळात इतक्या पत्रांना उत्तरं द्यायची होती की त्याने हॉर्सली नावाच्या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजार प्रती छापल्या. शिलिंगाला एक. चित्रात अख्खं कुटुंब मद्याचे पेले उंचावून बसलेलं आणि एका लहान मुलालाही घोट पाजलेला, त्यावरून दारूबंदीवाले खवळले. मी ही हकिगत सासूबाईंना सांगितली. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: "हजारातली किती उरली? आणि ती कुठे आहेत?"

दसरा-दिवाळीच्या मधे वीस दिवस. मला नोकरी. बदलापूरहून सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर, जायला सव्वा-दीड तास. म्हणून मी कार्डं गाडीत नेली. बायकांच्या डब्यात पालक निवडला जातो, लोकर विणली जाते, साखरपुडे जुळतात. कार्डांना कोण अडवणार? शिवाय खंडेनवमीला आमच्या ग्रुपने डबा सजवला होता, त्यातल्या क्रेपच्या माळा आणि झिरमिळ्या एकीच्या पिशवीत उरल्या होत्याच. तिनेही त्या टाकल्या नव्हत्या. सासूबाई एकट्या नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

कामाची वाटणी आपोआप झाली. अंबरनाथच्या दोघी बसायला मिळावं म्हणून उलट्या बदलापूरपर्यंत येतात, त्या खिडकीत, त्यांच्याकडे कातरकाम. मी चिकटकाम. उल्हासनगरला चढणारीला चौथी सीट मिळते, म्हणजे तिचं अर्धंच शरीर बाकावर असतं. तिच्याकडे डिंकाचं झाकण धरण्याचं काम. विठ्ठलवाडीची उभी राहून सूचना देते. टिकल्या विकणारी मुलगी आली तिने 'काय करता' विचारून दोन पाकिटं भाव न करता दिली आणि तिसऱ्याचे दुप्पट घेतले. कल्याणपर्यंत चार कार्डं झाली होती. डोंबिवलीला घात झाला. डोंबिवलीला डबा भरत नाही, कोंबला जातो. त्या लाटेत कुणाचा तरी कोपर माझ्या हाताला लागला आणि सोनेरी चमकीची डबी उघडीच वर उडाली.

चमकी खाली पडत नाही. ती वसते. पुढे प्रत्येक स्टेशनात आमच्या डब्यातून बायका उतरत गेल्या आणि सोनं घेऊन गेल्या. भांडुप, घाटकोपर, कुर्ला. एक वकीलबाई काळ्या कोटावर आकाशगंगा घेऊन कोर्टात गेली. माझ्या भांगात, कानात, डब्यातल्या पोळीत चमकी. साहेबांनी फाईल घेताना विचारलं, "आज तुमच्याकडे काही कार्य आहे का?" संध्याकाळपर्यंत त्यांच्या नाकावरही होती. घरी गेल्यावर सासूबाईंनी माझी साडी गॅलरीत झटकली नाही. वर्तमानपत्र पसरून त्यावर झटकली, कागदाची पन्हळ केली आणि डबीत ओतली. डबी पाऊण भरली.

धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी पंचवीस कार्डं तयार झाली. उजव्या सोंडेचे सातही गेले. ते कुणाला जावेत यावर दोन संध्याकाळी खल झाला आणि ज्यांच्या घरी कांदा-लसूण चालत नाही अशी सात नावं निघाली. बाकीच्यांना डाव्या सोंडेवर भागवलं. नवऱ्याच्या साहेबांना ढोल वाजवणारा.

पोस्टात काउंटरवरच्या बाईंनी पहिलं पाकीट तराजूवर ठेवलं. वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. काटा वीस ओलांडून, चाळीस ओलांडून थांबला. आगपेटी, काच, कवडी आणि, मला माहीत नव्हतं, प्रत्येक पेटीत गणपतीपुढे एक अख्खी सुपारी. "आत काय आहे?" बाईंनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "देव." बाईंनी पाकीट कानाशी नेऊन हलवलं. देव वाजले.

सासूबाईंना हे नवीन नव्हतं. पूर्वी संक्रांतीला त्या तिळगुळाची भेटकार्डं पाठवायच्या. हातभर नाही, तळहातभर कार्ड, त्यावर 'तिळगूळ घ्या, गोड बोला' आणि पाकिटात चिमूटभर काटेरी हलवा. पाकिटाचं तोंड उघडं ठेवून 'बुक पोस्ट' लिहिलं की तिकीट स्वस्त पडायचं. त्या उघड्या तोंडातून मुंग्या जायच्या. नाशिकच्या आत्याबाईंना एका वर्षी कार्डासोबत नुसत्या मुंग्या पोचल्या, आणि त्यांनी उलट टपाली कळवलं, "तिळगूळ पोचला असावा. मुंग्या गोड बोलत आहेत." तिकीट कमी पडलं तर नॉटपेड व्हायचं आणि घेणाऱ्याला दुप्पट दंड. त्यामुळे संबंध बिघडण्याची सोय शुभेच्छांमध्येच असायची. बाईंनी आमच्या पाकिटांना पुरेशी तिकिटं लावायला सांगितली (नवऱ्याच्या वहीत नवं पान) आणि शिक्का उचलला. "हळू हं," सासूबाई म्हणाल्या. बाईंनी त्यांच्या परीने हळूच मारला. पंचवीस वेळा आतून 'कट्' असा आवाज आला. बांगडीच्या कमानी.

पंचवीस नव्हे, चोवीस. पंचविसावं न्यू जर्सीला. दीर तिथे आहेत. सोसायटीतल्या एकांचा मुलगा निघाला होता, त्याच्या बॅगेत भाजणी आणि मेतकुटाच्या मधे ते कार्ड सरकवलं. निघण्याआधी माझ्या मुलाने कार्डाच्या मागच्या बाजूला स्केचपेनने काहीतरी लिहिलेलं मी पाहिलं होतं, पण घाईत वाचलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला दिरांचा फोन आला. कार्ड मिळालं, फार सुंदर, सगळे बघून गेले, सुपारी कस्टमवाल्यांनी काय समजून सोडली देव जाणे. "पण एक सांगा," ते म्हणाले, "याच्यामागे 'मेड इन यूएसए' का लिहिलंय?" मुलगा पलीकडून ओरडला, "लेस तिकडचीच आहे ना काका!" काकांना वाटलं, आपल्या पुतण्याचा भूगोल कच्चा आहे. आम्ही समजावून सांगितलं. ते हसले, पण त्यांची मुलं नाही हसली. त्यांनी कार्ड उलटसुलट करून विचारलं, मग इथलं इथे पाठवायला एवढा खर्च कशाला केला?

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि माणसांच्या लग्नांचा हंगाम सुरू झाला. मार्गशीर्षापर्यंत आमच्याकडे सतरा पत्रिका आल्या. तीनशे बारातून पंचवीस वजा, अधिक सतरा. सासूबाई रोज रात्री डबा उघडून मोजतात. लेसच्या तिन्ही गुंड्या मिळून सत्तावीस मीटरपैकी अडीच मीटर वापरली, बाकी ट्रंकेत आहे. नागमोडी कात्रीला स्वतंत्र म्यान शिवलं आहे. आगपेट्या पस्तीस शिल्लक. नवरा म्हणतो, ट्रंक आता बंद होत नाही. सासूबाई म्हणतात, वरून गादी घातली की होते.

जानेवारीत सोसायटीतला तो मुलगा परत आला आणि त्याच्यासोबत न्यू जर्सीहून एक पाकीट. जाऊबाईंनी आणि मुलांनी घरीच केलेलं संक्रांतीचं कार्ड. नाताळातला हिरवा-लाल कागद, बर्फाच्या चांदण्या, कोपऱ्यात पतंग, आणि मधोमध, कापसाच्या बर्फात बसलेला गणपती. मी म्हटलं, बघा, तिकडेही गणपती मिळतात. सासूबाईंनी कार्ड दिव्याजवळ नेलं. चष्मा वर केला, खाली केला. सोनेरी उठाव, डावी सोंड, पीतांबरावर जर.

"हा माझाच आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या बंडूच्या लग्नातला. ब्याऐंशी साल."

आणि गॅसवर पातेल्यात पाणी ठेवायला आत गेल्या.